इंजिन बंद, हवा चालू

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जरा बरी रचली असती. निदान रात्र तरी टाकली असती.

यात रात्र नाही. स्मशान नाही. केस मोकळे सोडलेली बाईही नाही.

भर दुपार होती. जेवण झालं होतं. मी ढेकर देत टेम्पोची चावी फिरवली...

आणि ते सुरू झालं.

जागा म्हणजे माझ्या मामाचं गॅरेज. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, त्यातला दहाचा कायम गायब. मामा जुन्या वळणाचा मेकॅनिक. इंजिनाला कान लावून दुखणं सांगतो. मला कान लावायचा कंटाळा, म्हणून मी स्कॅनर लावतो. पाटीएवढा स्क्रीन असतो. त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचली की गाडीचा कॉम्प्युटर आपली रडगाणी सांगायला लागतो.

टेम्पो भाऊजींचा. म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा. त्यांचं काम दुकानातून घरोघरी गाद्या पोचवायचं. "रस्त्यात बंद पडलो तरी झोपायची सोय आहे," हा त्यांचा ठरलेला विनोद. दर वेळी आजच सुचला असं तोंड करून सांगायचे. आम्हीही दर वेळी हसायचो. जावई शेवटी.

"मेव्हणे, मीटरमध्ये पिवळी लाइट लागलीय," ते म्हणाले. "आणि चढाला दम लागतो."

"तुम्हाला?"

"मला कशाला लागतोय? मी बसलेला असतो. गाडीला."

स्कॅनर लावला. दोष दाखवला एअर फ्लो सेन्सरचा. इंजिन किती हवा ओढतंय ते हा सेन्सर मोजतो. एअर फिल्टरच्या मागच्या पाइपात बसतो, अंगठ्याएवढा. मी नवा टाकला. लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी लाइट परत.

मी आणखी एक टाकला. लाइट परत.

"शाबास," मामा म्हणाला. "पोराला ताप आला की हा थर्मामीटर बदलतो."

"स्कॅनर सेन्सरचाच दोष दाखवतोय, मामा."

"सेन्सर चुगली करतो फक्त. चुगलखोराला हाणून घरातलं भांडण मिटतं का? तो काय सांगतोय ते बघ आधी."

म्हणून त्या दुपारी मी बघायला बसलो. टेम्पो शेडमध्ये. भाऊजी मागे गाद्यांवर आडवे. मामा पायरीवर दात कोरत. मी चावी ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. अशा वेळी हवेचा आकडा शून्य लागतो. बंद पंखा वारा देत नाही, तसंच. स्क्रीनवर सरळ आडवी रेघ दिसायला हवी.

रेघ वर गेली...

खाली आली.

वर...

खाली.

सावकाश. अगदी निवांत.

"मामा, हे बघ."

मामा आला. बघत राहिला. दात कोरायचं थांबलं. "वारा शिरत असेल पाइपात," तो म्हणाला.

पत्र्याची शेड, टळटळीत ऊन. वारा असता तर आम्ही इतके घामाने थबथबलो नसतो.

मी सेन्सरची वायर काढली. आता कॉम्प्युटरला सेन्सर दिसायलाच नको. रेघ गायब व्हायला हवी.

वर...

खाली.

मग मी स्क्रू काढून सेन्सरच उपटला आणि खिशात टाकला. पाइपाला भोक, वायर लोंबकळतेय, सेन्सर माझ्या पँटीत.

वर...

"खिशातून काढ ते," मामा म्हणाला.

"का?"

"तुझ्या खिशात श्वास घेतंय ते."

श्वास हा शब्द पहिल्यांदा मामाने काढला. मी नाही. मी तोपर्यंत शॉर्ट सर्किटवरच होतो.

सेन्सर मी टेबलावर ठेवला, जरा लांब. मग काय सुचलं कोण जाणे, पाइपाच्या तोंडावर तळहात दाबला. गच्च.

रेघ मधेच थांबली.

आणि मागे... गाद्यांवर... भाऊजींना ठसका लागला.

मी हात काढला. ठसका थांबला. रेघ चालू.

आता शहाणा माणूस इथे हात जोडून घरी गेला असता. पण मामानेच शिकवलंय, दोष दोनदा दिसल्याशिवाय दोष म्हणायचा नाही. मी परत हात दाबला.

भाऊजी धडपडून उठले. डोळ्यांत पाणी. "अरे काय धूरबीर केलाय का? जीव घेताय का माझा?"

"नाही, नाही," मी म्हणालो. हात पाठीमागे लपवला. हाताला काही लागलेलं नव्हतं. फक्त तळवा ओलसर होता. आरशावर हाऽऽ केल्यावर काच होते तसा.

टेम्पो आम्ही ठेवून घेतला. पार्ट मागवायचाय अशी थाप मारली. भाऊजी मित्राची गाडी घेऊन कामाला लागले. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवरची रेघ नुसती उड्या मारत होती. मी त्यांना फोन लावला.

"भाऊजी, कुठे आहात?"

"जिन्यात. डोक्यावर डबलची गादी आहे. बोल पटकन."

"एक काम करा. श्वास रोखा."

"काय रोखू?"

"श्वास. थोडा वेळ."

"डोक्यावर गादी घेऊन?"

"गादी राहू द्या."

फोनमध्ये शांतता झाली.

स्क्रीनवर रेघ आडवी पडली. सरळ. फूटपट्टीने ओढल्यासारखी.

मामाने माझं मनगट धरलं.

मग फोनमध्ये हुश्श झालं. त्याच क्षणाला रेघ उसळली.

"आता सांग, कशाला हे?"

"फोनचा माइक तपासत होतो."

"बरा आहे ना?"

"मस्त आहे."

भाऊजींना सांगायचं नाही, हे मामाने ठरवलं. "माणसाला सांग की बाबा तू श्वास घेतोयस. लगेच त्याला नीट घेता येत नाही. करून बघ." मी करून बघितलं. तो दिवस वाईट गेला.

खरी अडचण वेगळीच होती. चावी बंद करायची कुणी?

चावी बंद केली की कॉम्प्युटर बंद. मग रेघेचं काय होतं? आणि रेघेचं जे होईल ते भाऊजींचं झालं तर? मी मामाकडे बघितलं, मामाने माझ्याकडे. चावी तशीच राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर जोडला. वीज जाईल म्हणून शेजारी दुसरी बॅटरी भरून ठेवली. मामा खाट टाकून टेम्पोपाशीच झोपायला लागला. अंगावरचं पांघरूण त्याने एकदा बॉनेटवर घातलेलं मी पाहिलं.

आणि रेघ रोज थोडी बुटकी होत होती.

मी नवा फिल्टर टाकला. पाइप धुतला. वायरिंग एकेक तार करून तपासली. रेघ तशीच. बुटकी, आणखी बुटकी. भाऊजींना काहीतरी निमित्त काढून डॉक्टरकडे पाठवलं. छाती, रक्त, सगळं झालं. भाऊजी मिठाईची पेटी मिळाल्यासारखे आले. "घोड्याची छाती आहे म्हणाले!" आणि दोन गाद्या एकदम उचलून दाखवल्या.

माणूस ठणठणीत होता. टेम्पो मरायला टेकला होता.

एका दुपारी ताई डबा घेऊन आली. मामाला खोटं बोलता येत नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होतात. ताईने त्या बघितल्या आणि विचारलं, "काय झालंय?"

आम्ही सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती सीटवर चढून बसली आणि स्क्रीन मांडीवर घेतला.

"आत्ता हे घरी झोपलेत," ती म्हणाली.

"मग?"

"चारपाच नीट घेतात. मग एक अडकतो. मग मोठा सोडतात. लग्न झाल्यापासून ऐकतेय. तो अडकला की मला जागच येते."

आम्ही तिघे बघत बसलो. वर, खाली. वर, खाली. वर, खाली. वर, खाली...

मग रेघ अडकली.

ताईने डोळे मिटले.

रेघ सुटली. लांब, मोठी.

"हेच," ताई म्हणाली. "हे हेच आहेत." मग डब्याचं झाकण उघडून म्हणाली, "जेवा तुम्ही. निवेल."

त्यानंतर ती रोज यायला लागली. घरी नवरा, इथे नवरा. कुठे थांबू कळत नाही, म्हणाली. ते अडकणं मात्र रोज लांबत चाललं होतं. तेवढ्या वेळात पूर्वी आपण आवंढा गिळायचो. आता शेडबाहेरून चालत जाणारा माणूस एका दारातून दिसून दुसऱ्या दारातून नाहीसा होईपर्यंत ते सुटायचं नाही.

मी काय करत होतो? तारा हलवत होतो. दुसरं मला काय येतं?

शेवटच्या दुपारी भाऊजी स्वतःच आले. चार्जरच्या वायरी बघून म्हणाले, "मामा, माझ्या टेम्पोचं सलाइन कधी काढणार? मित्राच्या गाडीला मित्राचाच वास येतो हो."

"आज देतो, जावईबापू. बसा," मामा म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या.

भाऊजी स्टुलावर बसले. कसल्यातरी गिऱ्हाइकाची गंमत सांगायला लागले. दारातून गादी जाईना म्हणून त्याने दार कापलं, असं काहीतरी. हातवारे, नकला, सगळं.

ताई सीटवर. स्क्रीन मांडीवर. मी तिच्या खांद्यावरून वाकलेलो.

वर... खाली.

वर...

अडकली.

भाऊजी हसत होते. हसता हसता मधेच त्यांनी छातीवर हात ठेवला. जरासाच. खिशातली चिल्लर चाचपावी तसा.

रेघ सुटेना.

"मामा," ताई म्हणाली. अगदी हळू.

मामा उठला. भिंतीकडे गेला. दहाचा पाना जागेवर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... जागेवर होता.

"काय करतोस?" मी कुजबुजलो.

"कॉम्प्युटर अडकला की काय करतो आपण? बॅटरीची वायर काढतो, जरा थांबतो, परत लावतो. जन्मभर हेच केलंय. गाड्या उठतात."

"सगळ्या उठत नाहीत, मामा."

"मग तू सांग दुसरं काही."

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. स्कॅनर होता. तो नुसता दाखवत होता.

मामाने ताईकडे बघितलं. ताईने भाऊजींकडे. त्यांनी गोष्ट संपवत आणली होती, दार कापल्यावर कळलं की गादीच चुकीची आली होती.

"काढ, मामा," ताई म्हणाली.

मामाने चार्जर काढला. बॅटरीचा नट सैल केला. वायर उचलून बाजूला धरली.

आमच्या स्कॅनरला वीज गाडीतूनच मिळते. वायर निघाली की स्क्रीन काळा व्हायलाच हवा.

झाला नाही.

टेम्पोचे दिवे गेले, पिवळी लाइट गेली... आणि रेघ चालूच राहिली. ती सुटली. लांब. खूप लांब. स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती उतरत होती, उतरत होती...

मग स्क्रीन काळा झाला.

मामाने वायर तशीच धरून ठेवली. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने ती परत लावली आणि नट आवळला.

चावी ऑनच होती. स्कॅनर चालू झाला.

दोष नाही. एकही नाही. पिवळी लाइट नाही. हवेचा आकडा शून्य. रेघ सरळ, आडवी, जशी पुस्तकात असते तशी. इतके दिवस मी याच रेघेसाठी धडपडत होतो.

कुणीही मागे वळून बघेना.

"झालं?" मागून आवाज आला. "वायर काढायची होती फक्त? आणि एवढे दिवस माझ्या टेम्पोला आयसीयूत ठेवलंत?"

भाऊजी उभे होते. दोन पायांवर. हसत.

मामा तिथेच फरशीवर बसला आणि रडायला लागला. ताई हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच ठाऊक. मी भाऊजींना मिठी मारली. "अरे, टेम्पोच तर आहे," ते म्हणाले. इंजिन अर्ध्या चावीत चालू झालं. असा आवाज त्या टेम्पोने नवा असतानाही काढला नसेल.

समोरून चहा मागवला. चार ग्लास. कडकडीत, वाफा निघत होत्या. मी माझ्या ग्लासावर फुंकर मारली, वाफ पांगली. मामाची पांगली.

भाऊजींनी ग्लास तोंडाशी नेला. ओठ गोल केले. फुंकर मारली...

वाफ सरळ वर गेली.

मला वाटलं, नीट दिसलं नाही. त्यांनी परत फुंकर मारली. गाल हलले. ओठ हलले. वाफ हलली नाही.

"फारच गरम आहे बुवा," ते म्हणाले.

ताईने बघितलं होतं. तिने त्यांच्या हातातून ग्लास घेतला. स्वतः फुंकर मारली. एकदा, दोनदा, सावकाश. आणि परत दिला.

"घ्या. निवलाय."

पुढे सांगण्यासारखं काही नाही, आणि तीच पंचाईत आहे. भाऊजी कामावर जातात. गाद्या उचलतात. जिन्यात त्यांना दम लागत नाही, त्यांनीच कौतुकाने सांगितलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "आत्ताच तर जाऊन आलो, घोड्याची छाती." त्यांना आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही. टेम्पो सर्व्हिसिंगला आला की मी जुने सेन्सर एकेक करून पाइपात बसवून बघतो. चावी ऑन, इंजिन बंद. रेघ सरळ. मामा लांब उभा राहतो. बॅटरीची वायर काढायचं काम आलं की तो गिऱ्हाइकाला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतो.

वायर काढली म्हणून श्वास गेला, की माणूसच जाणार होता आणि वायर काढली म्हणून इतकंच गेलं... मला माहीत नाही. मामालाही नाही. आम्ही तो विषय काढत नाही.

मागच्या सुट्टीच्या दिवशी, दुपार कलल्यावर, ताईचा फोन आला. मागून भाऊजींचा आवाज येत होता.

"सिंगल कापसाची डबल कापसाची सिंगल फोमची डबल फोमची स्प्रिंगची घडीची पाळण्याची..."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पडलेत," ताई म्हणाली. "डोळे मिटून. मीच म्हटलं, काहीतरी बोलत राहा. नुसते पडले की मला... कळत नाही रे."

"बरं मग?"

"ऐक ना."

मी ऐकलं. गाद्यांची यादी होती, त्यात काय ऐकायचं? जाडीप्रमाणे, मग कापडाप्रमाणे, मग रंगाप्रमाणे. आवाज नेहमीचाच. थोडा झोपाळलेला. काय खटकतंय ते मला बराच वेळ कळेना.

मग कळलं.

माणूस बोलताना मधे थांबतो. वाक्य तोडतो, हवा घेतो, पुढे जातो.

भाऊजी थांबत नव्हते.

"कधीपासून बोलतायत?" मी विचारलं.

"जेवण झाल्यापासून."

आमच्या शेडमधलं ऊन तेव्हा दारापर्यंत सरकलं होतं.

"थांबव ना त्यांना, ताई."

आवाज चालूच होता. निळी पट्ट्यांची तपकिरी पट्ट्यांची साधी पांढरी.

"थांबले की शांत होतं रे सगळं," ती म्हणाली. "एकदम शांत. मग मला उठून बाहेर जावं लागतं."

मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. एरवी मला लगेच सुचतं.

"राहू दे मग," मी म्हणालो.

"हं."

फोन तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मागे भाऊजी आता उशांवर आले होते.